तिळीचा दाणा चेलोच्या पोटात

पाय वर घ्या बघू. मांडी घाला. खाली मुंगी आहे. ती निघाली की गोष्ट निघेल.

निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

ही तिळी मुंगी. तिच्या पाठीवर तांदळाचा दाणा. एकच. हळद लावलेला, पिवळा पिवळा. आज तिळीच्या धाकट्या भावाचं, म्हणजे बाळाचं, उष्टावण. बाळ आज पहिल्यांदा जेवणार. पहिला घास मामाचा असतो ना? मामा लांब राहतात. त्यांनी दाणा दिला तिळीकडे. तिळी घेऊन निघाली.

वाटेत इनासकाकांचं दुकान.

इनासकाका वाद्यं विकतात. मोडकी वाद्यं नीट करतात. दुकानात व्हायोलिन आहे, गिटार आहे, आणि कोपऱ्यात उभा आहे चेलो. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. मोठ्ठं पोट. पोटाला दोन भोकं.

तिळी दमली. टेबलावर वाटी होती. तिळीने दाणा वाटीच्या काठावर ठेवला, आणि जराशी टेकली.

दाणा घसरला. टुण्. वाटीत पडला. वाटीत तांदूळच होते.

काकांनी वाटी उचलली. सगळे तांदूळ ओतले चेलोच्या पोटात. खळखळ खळखळ.

तिळी बघतच राहिली. तुम्हीही असेच बघत राहिला असता. तांदूळ काय चेलो खातो? तसं नाही हो. वाद्याच्या पोटात धूळ साठते. मग तांदूळ घालायचे, वाद्य हलवायचं, उलटं करायचं. तांदळाबरोबर धूळ बाहेर. काकांनी हलवलं. उलटं केलं. पांढरे दाणे बाहेर आले. पिवळा दाणा आला नाही. तिळीने बराच वेळ वाट पाहिली, तरी आला नाही.

आता तुम्ही म्हणाल, दुसरा घे की. अहो, उष्टावणाला मामाचाच दाणा लागतो. आणि बाळ घरी आ करून बसलंय.

तिळी गेली चेलोकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"चेलोदादा, चेलोदादा,
दाणा पडत नाही,
बाळ जेवत नाही.
माझा दाणा दे ना."

चेलो म्हणाला, "घूंऽऽ. मी नाही देणार. दाणा कोपऱ्यात अडकलाय. काकांनी मला उलटं केल्याशिवाय पडणार नाही."

तिळी मटकन खाली बसली. एवढा मोठा चेलो, आणि नाही म्हणाला?

मग उठली. तुरुतुरु तुरुतुरु.

"काका, काका,
चेलो उलटत नाही,
दाणा पडत नाही,
बाळ जेवत नाही.
तुम्ही उठा ना."

काका म्हणाले, "मी नाही उठणार. व्हायोलिनला चीर गेली होती, ती सरसाने जोडलीय. अंगठ्याने दाबून धरलीय. सरस वाळल्याशिवाय उठणार नाही."

सरस म्हणजे लाकडाचा डिंक. चिकट चिकट.

तिळी मटकन खाली बसली. एवढे मोठे काका, आणि नाही म्हणाले?

मग उठली. तुरुतुरु तुरुतुरु.

"सरसा, सरसा,
काका उठत नाहीत,
चेलो उलटत नाही,
दाणा पडत नाही,
बाळ जेवत नाही.
तू वाळ ना."

सरस म्हणाला, "चिकचिक. मी नाही वाळणार. वारा कुठाय? पंखा फिरल्याशिवाय वाळणार नाही."

तिळी मटकन खाली बसली. एवढासा थेंब, तोही नाही म्हणाला?

मग उठली. तुरुतुरु तुरुतुरु.

"पंख्या, पंख्या,
सरस वाळत नाही,
काका उठत नाहीत,
चेलो उलटत नाही,
दाणा पडत नाही,
बाळ जेवत नाही.
तू फिर ना."

पंखा म्हणाला, "मी नाही फिरणार. भिंतीत पिन लावायची एकच जागा. तिथे ॲम्पची पिन बसलीय. ॲम्पने जागा सोडल्याशिवाय फिरणार नाही."

ॲम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा खोका. काळा, चौकोनी, जमिनीवर बसलेला. तुमच्यापेक्षा जड.

तिळी मटकन खाली बसली. तीन पात्यांचा पंखा, आणि नाही म्हणाला?

मग उठली. तुरुतुरु तुरुतुरु.

"ॲम्पदादा, ॲम्पदादा,
पंखा फिरत नाही,
सरस वाळत नाही,
काका उठत नाहीत,
चेलो उलटत नाही,
दाणा पडत नाही,
बाळ जेवत नाही.
तू जागा सोड ना."

ॲम्प म्हणाला, "ढुम. मी नाही सोडणार. बास गिटार वाजतेय ना? जाड जाड तारांची? गिटार थांबल्याशिवाय जागा सोडणार नाही."

तिळी मटकन खाली बसली. तिचे गुडघे दुखायला लागले. मुंगीला सहा पाय, म्हणजे गुडघेही किती बघा.

मग उठली. तुरुतुरु तुरुतुरु.

"गिटारबाई, गिटारबाई,
ॲम्प जागा सोडत नाही,
पंखा फिरत नाही,
सरस वाळत नाही,
काका उठत नाहीत,
चेलो उलटत नाही,
दाणा पडत नाही,
बाळ जेवत नाही.
तू थांब ना."

गिटार म्हणाली, "ढुम ढुम. मी नाही थांबणार. जेनीताई मला वाजवतेय. तिने खाली ठेवल्याशिवाय थांबणार नाही."

तिळी मटकन खाली बसली. आता कुणीच हो म्हणत नाही की काय? तिला रडूच आलं. बाळ अजून आ करून बसलेलं असेल.

डोळे पुसले. उठली. तुरुतुरु तुरुतुरु.

जेनीताई गिटार विकत घ्यायला आली होती. सकाळपासून वाजवत होती. तिळी तिच्या बुटावर चढली.

"जेनीताई, जेनीताई,
गिटार थांबत नाही,
ॲम्प जागा सोडत नाही,
पंखा फिरत नाही,
सरस वाळत नाही,
काका उठत नाहीत,
चेलो उलटत नाही,
दाणा पडत नाही,
बाळ जेवत नाही.
तू गिटार ठेव ना."

जेनीताई म्हणाली, "मी नाही ठेवणार. ही गिटार मला आवडलीय. पण मघापासून वाजवली की किरकिर येते. ती कुठून येते ते कळल्याशिवाय ठेवणार नाही. ऐक."

ढुम. किर्र.

ढुम. किर्र.

तिळी मटकन बसणार होती. बसलीच नाही. तिच्या मिशा ताठ उभ्या राहिल्या.

ढुम गिटारमधून आला. ढुम ॲम्पमधून आला. पण किर्र? किर्र आला कोपऱ्यातून.

तिळी पळाली. तुरुतुरु तुरुतुरु. चेलोवर चढली. वर, वर, वर. भोकापाशी गेली. मिशी आत घातली.

ढुम. चेलोचं पोट थरथरलं. किर्र. आत दाणा नाचला.

तिळी थक्क झाली. मग उतरली, धावत आली, आणि सांगायला लागली.

"जेनीताई, गिटार किरकिरत नाही. ॲम्प किरकिरत नाही. तू ढुम केलंस की चेलोचं पोट हलतं. पोट हललं की माझा दाणा नाचतो. तो किरकिरतो."

जेनीताई बघतच राहिली. काकांनी तोंडाचा आ केला, तो मिटेचना. व्हायोलिन हातात घ्यायच्या आधी त्यांनी गिटारचे सगळे स्क्रू दोनदा आवळले होते. सगळं फुकट. पण अंगठा काही काढला नाही त्यांनी, तेवढं मात्र खरं.

मग काय झालं?

जेनीताईने गिटार ठेवली.
गिटार थांबली.
पिन निघाली, ॲम्पने जागा सोडली.
पंखा फिरला. भर्रर्र.
सरस वाळला.
काका उठले.
चेलो उलटला.

आणि दाणा?

पडला नाही.

तिळी मटकन खाली बसली. जेनीताईही बसली तिच्या शेजारी, जमिनीवर. आता काय करायचं?

काकांनी चेलोला उलटाच मांडीवर घेतला. पाठीवर थोपटलं. बाळाला ढेकर यावी म्हणून आई थोपटते ना, तसं. थप थप. थप थप.

चेलो म्हणाला, "घूंऽऽक."

टुण्. पडला दाणा.

धुळीने माखलेला. काकांनी फुंकर मारली. फूऽऽ. पिवळा पिवळा झाला.

जेनीताईने पुन्हा पिन लावली, तार छेडली. ढुम. नुसता ढुम. "ही गिटार मीच घेणार," ती म्हणाली. काकांनी तिळीला बोटावर घेतलं, दाण्यासकट दारापर्यंत सोडलं आणि म्हणाले, "सावकाश जा गं बाई."

सावकाश कुठली. तुरुतुरुतुरुतुरु.

घरी बाळ बसलं होतं. अजून आ करून.

आईने दाणा घेतला. मामाचं नाव घेतलं. बाळाच्या तोंडात घास दिला. बाळाने चाटला. बाळाने चावला. कुडुम कुडुम. बाळाने गिळला. तिळी श्वास रोखून बघत होती, थुंकतंय की काय.

बाळाने मिटक्या मारल्या. आणि म्हणालं,

"अजून."

आई थक्क. तिळी थक्क. बाळ त्याआधी एक शब्दही बोललं नव्हतं.