निम्म्याहून जास्त सरदार

सरदार रंगोबांना आपल्या कुळाचा भारी ताठा. एकदा दरबारात नवे डॉक्टर राजेसाहेबांना सांगत होते, की माणसाच्या अंगात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. तेवढ्यात रंगोबांच्या घरीही पाणी भरणारा म्हातारा पखालवाला दावल दरबारातला रांजण भरून दमला आणि गालिच्याच्या कडेला टेकला. रंगोबा खवळले.

"आमच्या बरोबरीनं बसतोस? उद्यापासून आमच्याकडे पाणी भरायला येऊ नकोस."

दावल हात जोडून म्हणाला, "सरकार, तुमच्या जन्मापासून तुमच्या घरचं पाणी मीच भरतोय. डॉक्टरसाहेबांचं खरं असेल, तर निम्म्याहून जास्त सरकार माझ्या पखालीतूनच आलेत. ते काही मला कामावरून काढणार नाहीत. उरलेल्या सरकारांनी काय ते ठरवावं."

राजेसाहेब हसू दाबत म्हणाले, "रंगोबा, त्याला बसू द्या. बहुमत त्याच्याकडे आहे."