कोंड्याचा रांजण

गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की तेव्हा आपल्याकडचे डोंगरसुद्धा थोडे जास्त उंच असतील.

एका नदीकाठच्या गावात सुगी संपली की एक मोठी पंगत बसायची. प्रत्येक घरातून काहीतरी यायचं. कुणाकडून तांदूळ, कुणाकडून डाळ, कुणाकडून गुळाची ढेप. धुरपदाआजी नावाच्या एका म्हाताऱ्या विधवेच्या अंगणात चुली पेटायच्या आणि सारा गाव जेवायचा. अडल्यानडल्या बायकांना मदत व्हावी म्हणून ही पंगत होती.

मदतीची रीत मात्र निराळी होती. जेवून उठलेल्या प्रत्येकाने आजीच्या माजघरात एकट्याने जायचं. तिथे अंधारात एक रांजण असायचा, निम्म्याहून जास्त कोंड्याने भरलेला. मिटल्या मुठीने हात कोपरापर्यंत आत घालायचा, ऐपतीप्रमाणे नाणं सोडायचं आणि घरच्या गाईसाठी मूठभर कोंडा घेऊन बाहेर यायचं. कोंड्यात नाण्याचा आवाज होत नसे. मूठ मिटून आत जायची आणि मिटूनच बाहेर यायची.

पुरुषांना वाटायचं, कोंडा म्हणजे प्रसाद आणि पैसा आजी मागाहून गरजूंना वाटते. बायकांना खरं काय ते ठाऊक होतं. नवी सून घरात आली की सासू तिला चुलीपाशी हळूच सांगायची, "असलं तर सोड. नसलं तर घे." देणारीची मूठ आणि घेणारीची मूठ बाहेरून सारखीच दिसायची. मला विचाराल तर इतकी शहाणी युक्ती राजाच्या दरबारातही कुणाला सुचली नसती.

त्या गावच्या पाटलाची धाकटी बहीण येसू गावातच दिलेली होती. तिचा नवरा व्यापाराला म्हणून गेला तो परतलाच नाही. भावाला ती सांगायची, "धनी पैसे धाडतात." दुसरं काय सांगणार? पाटील वाईट नव्हता, पण मोठा संशयी होता. दूध प्यायच्या आधी त्यात पाणी किती ते बघायचा आणि नमस्कार करणाऱ्याला मनात विचारायचा, 'याला काय पाहिजे?'

येसूचं घर रांजणातल्या मुठीवर चालायचं. यंदा तिची जोंधळ्याची कणगी तळाला गेली होती. दूरच्या शहरातला एक व्यापारी तिची लेक सगुणा घरकामाला मागत होता. पोर जेमतेम नऊ वर्षांची. येसूने त्याच्या गाडीवानाला सांगितलं, "पंगत होऊ द्या. मग बघू." मूठ भरली तर लेक घरात राहणार होती, नाही तर गाडीत बसणार होती.

आणि नेमक्या त्याच वर्षी पाटलाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

तो चावडीवर म्हणाला, "इतकी वर्षं आपण पैसा घालतोय. मदत कुणाला मिळाली? एकीचं तरी नाव सांगा."

कुणालाही नाव सांगता येईना. मग काय विचारता! संशयाला खायला लागतं ते एवढंच. एकाला आठवलं, की आजीच्या अंगावर नवं घोंगडं दिसलं होतं. दुसरा म्हणाला, तिचं मांजर फार गुबगुबीत झालंय, ते काय उगाच? कालपर्यंत आजीच्या पाया पडणारे लोक आज तिच्या दारावरून जाताना आत डोकावून बघू लागले.

पाटील तिच्या अंगणात जाऊन उभा राहिला. "आजी, रांजणात शेवटी किती उरतं?"

"मी बघत न्हाई, पाटील."

"बघत न्हाई? मग चोरी होत न्हाई हे तुला कसं कळतं?"

"कळत न्हाई," आजी शांतपणे म्हणाली. "म्हणून तर चाललंय."

"मग मदत कुणाकुणाला केलीस ते सांग. चार नावं सांग, मी परत जातो."

आजीला खरोखरच नावं ठाऊक नव्हती. बायकांची रीत फोडून सांगितली असती, तर तिच्यावरचं बालंट त्याच क्षणी टळलं असतं. पण मग उद्यापासून गावातल्या प्रत्येक बाईच्या मिटल्या मुठीकडे सारा गाव बघत बसला असता. ती गप्प राहिली. तिचं गप्प राहणं म्हणजे कबुलीच, असं गावाने ठरवून टाकलं.

पाटलाने हुकूम काढला. कोंडा बंद. माजघर बंद. यंदा अंगणात मधोमध पितळेची परात ठेवायची. प्रत्येकाने सगळ्यांसमोर नाणं टाकायचं आणि कोतवालाने नाव पुकारायचं.

पंगत बसली. परात खणखणू लागली. काय सांगू, लोकांनी कधी नव्हे एवढं दिलं! शेजाऱ्याने एक टाकलं की हा दोन टाकायचा. जो तो आपलं नाव पुकारलं जाईस्तोवर परातीपाशी रेंगाळायचा. पाटील मिशीला पीळ देत म्हणाला, "बघा! आजवर किती पैसा चोरीला जात होता!"

मग पाळी आली तशी येसू उठली. दरवर्षी ती घ्यायलाच यायची. पण कोतवालाने तिला बघताच आवाज चढवला, "पाटलांच्या भगिनी!" सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. बायकांनी तेवढ्या खाली घातल्या. येसूच्या हातात काही नव्हतं. ती मागे वळली, सगुणेच्या पायातले चांदीचे वाळे काढले आणि परातीत टाकले.

"शाब्बास!" पाटील ओरडला. त्याचा ऊर भरून आला होता. बिचाऱ्याला खरंच अभिमान वाटत होता, आणि मला त्याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील शेतावर निघाला, तर वेशीपाशी व्यापाऱ्याची गाडी दिसली. पोत्यांच्या मधे गाठोडं मांडीवर घेऊन सगुणा बसली होती.

"अगं, तू कुठं निघालीस?"

"शहरात, मामा. भांडी घासायला." ती ओठ घट्ट मिटून म्हणाली, "आईनं सांगितलंय, रडायचं न्हाई."

पाटलाने गाडी थांबवली, पोरीला उतरवलं आणि तिचा हात धरून तडक बहिणीचं घर गाठलं. घरात चूल थंड होती. कणगीत त्याने हात घातला, तर बोटं तळाला घासली.

"येसू, मला का न्हाई सांगितलंस? मी दिलं नसतं का?"

"दिलं असतंस, दादा," येसू म्हणाली. "आणि मग माझ्या चुलीवर काय शिजतंय ते रोज बघायला आला असतास. रांजण कधी बघायला येत नव्हता."

तेव्हा कुठे तिने त्याला रांजणाची रीत सांगितली. 

त्याने बहिणीच्या घरी धान्य पाठवलं. लेकीसाठी तिने ते मान खाली घालून घेतलं, पण त्या दिवसापासून ती भावाशी मोकळेपणाने बोलली नाही. परातीतला पैसा देवळात ठेवून त्याने दवंडी पिटवली, की ज्या बाईला गरज असेल तिने येऊन घेऊन जावं. एकही बाई आली नाही. त्या वर्षी गावातल्या दोन घरांना कुलपं लागली, आणि त्या बायका कुठे गेल्या ते कुणालाच कळलं नाही.

पुढच्या सुगीला पाटील धुरपदाआजीच्या दारात आला. तिच्या पाया पडून म्हणाला, "आजी, माझं चुकलं. रांजण पुन्हा कोंड्यानं भरूया."

"भरा की," आजी म्हणाली. "कोंड्याला काय तोटा?"

रांजण भरला. पंगत बसली. बायका एकेक करून माजघरात गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. प्रत्येकीने हाताचे पंजे उघडे ठेवले होते, सगळ्यांना दिसतील असे. गाईसाठी चिमूटभर कोंडासुद्धा कुणी आणला नाही.

शेवटी पाटील आत गेला. त्याने चांदीच्या नाण्यांची मूठ खोल कोंड्यात सोडली, जुन्या रीतीप्रमाणे कोंडा घेतला आणि मूठ मिटून बाहेर आला.

 सगळ्यांचे डोळे त्याच्या मुठीवर खिळले होते. कुणी काही विचारलं नव्हतं, तरी पाटलाच्या कपाळावर घाम आला. त्याने सगळ्यांसमोर मूठ उघडली. कोंडा जमिनीवर सांडला.

तेवढ्यात मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "अन् दुसरा हात?"

मुलांनो आणि मोठ्यांनो, एवढं लक्षात ठेवा: जिथे मदतीवर पहारा बसतो तिथे देणारे वाढतात, पण ज्यांच्यासाठी द्यायचं ते उपाशी राहतात.