बारा व्होल्टचं स्थळ

एका गावात झुंबर नावाचा एक भोळा घरजावई होता. सासरे रखमाजी मिस्त्री ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचे. जावई रिकामा बसला तरी त्याला रागावता येत नाही, म्हणून त्यांनी त्याला काम शिकवायला घेतलं.

"बापू, जुनी बॅटरी नुसती बसून असली की बारा व्होल्ट दाखवते. पण तिच्या आत रोध वाढलेला असतो. वीज आतल्या आतच अडते, भार पडला की व्होल्ट उतरतात. म्हणून आधी भार टाकायचा, मग मीटर बघायचं."

"टाकतो की."

दुपारी सरपंचांची बॅटरी आली. झुंबरने तिच्यावर ज्वारीचं पोतं टाकलं. मग मीटर शोधलं. तेही पोत्याखालीच होतं.

"बापू, भार म्हणजे पोतं नव्हे. दिवा लावायचा."

"लावतो की."

दुसरी बॅटरी चार्जिंगवरून उतरली. झुंबरने तिला हळदकुंकू वाहिलं, तुपाचं निरांजन लावलं आणि हात जोडले. बॅटरीतला वायू भपकन पेटला. झुंबरची उजवी मिशी गेली. डावी राहिली.

"बापू, तुपाचा नव्हे, बल्ब. दोन टोकांना दोन तारा जोडायच्या. बल्ब लागला तर माल चांगला. नाही लागला तर आतून गेलेला. वरून कितीही चकचकीत असू द्या, भंगारवाल्याच्या गाडीवर ठेवून द्यायचा."

"ठेवतो की."

त्या आठवड्यात झुंबरने नऊ बॅटऱ्या बरोबर तपासल्या. रखमाजींना भरून आलं.

रविवारी रखमाजींच्या धाकट्या मुलीला, मालनला, बघायला मुलगा आणि त्याचे वडील आले. मालनला मुलगा फोटोतच आवडला होता. रखमाजी मुलाच्या वडिलांना डाळिंबाची बाग दाखवायला निघाले.

"बापू, मुलाशी बसा. कसा वाटतो, तेवढं बघा."

"बघतो की."

तासाभराने दोघे परतले. खुर्ची रिकामी. मालन पोह्यांची बशी घेऊन दारात उभी.

"मुलगा कुठाय?" रखमाजींनी विचारलं.

"मामा, वरून चकचकीत होता, पण मी फसलो नाही. दोन्ही कानांना तारा जोडल्या. बल्ब लागला नाही. भंगारवाला दारातच होता."

"आणि तो गाडीवर बसला?"

"बसला. म्हणाला, मोठ्या जावयांना नाही कसं म्हणू, पण माझं चुकलं काय? मी म्हटलं, तुमचं काही नाही, आत रोध आहे."

"माझा मुलगा... भंगारात?" मुलाचे वडील बारीक आवाजात म्हणाले.

झुंबर तारा घेऊन पुढे झाला. "मामा, ह्यांचाही आवाज भार पडल्यावर उतरला. गाडी अजून वेशीपाशीच असेल."