साळुंकीचे शिळे उत्तर

एका जंगलात, तीन वाटा मिळतात तिथल्या वडावर, एक साळुंकी राहत असे. उन्हाळ्यात पाण्याला निघालेला प्रत्येक प्राणी तिला विचारी, "बाई, आज कुठल्या डोहावर जावं?" कारण डोह आटत, आणि जिथे पाणी उरे तिथे बिबट्याही येऊन बसे. साळुंकीला स्वतःला काही ठाऊक नसे. ती दरीत उडून जाई आणि तिथल्या म्हाताऱ्या कासवाला विचारी. बेडकांकडून त्याला सगळ्या डोहांची खबर मिळे. पण त्याचे काम कासवाच्याच चालीने. आधी डोळे मिटायचे, मग आठवायचे, मग कुठे तोंड उघडायचे.

ससा गेला की सांबर येई, सांबर गेले की रानडुक्कर. प्रश्न तोच, दरीही तीच. पंख दुखून आले तेव्हा साळुंकीने युक्ती केली. कासवाचे उत्तर तिने लक्षात ठेवले आणि येईल त्याला ती ते बसल्या फांदीवरून सांगू लागली. युक्ती वाईट नव्हती, मुलांनो. तुम्ही उघडता त्या वेबसाइटही पडद्यामागे पुष्कळदा असेच करतात. एकदा शोधून आणलेले उत्तर जवळ ठेवतात आणि पुढच्याला झटकन देतात.

कासवाने मात्र बजावले होते, "बाई, मी सांगतो ते आजचं. उद्या पुन्हा विचारायला ये." सुरुवातीला ती रोज गेली. पण "विचारायच्या आत उत्तर! हुशार गं बाई," असे जो तो म्हणू लागला आणि साळुंकी हरभऱ्याच्या झाडावर चढली. मग दरीची वाट तिने सोडूनच दिली.

एके दुपारी पाडसाला घेऊन हरिणी आली. "मावशी, कुठे नेऊ याला? घशाला कोरड पडलीय."

"जांभळीच्या डोहावर ने. निर्धास्त जा," साळुंकी म्हणाली. हे उत्तर कधीचे, असे तिने स्वतःच्या मनालाही विचारले नाही.

उन्हे कलली तेव्हा हरिणी परत आली. पाडस लंगडत होते आणि त्याच्या मांडीवर पंजाचे ओरखडे होते. "बिबट्या होता तिथे. कसंबसं सुटलं माझं लेकरू," ती म्हणाली. साळुंकीने मान खाली घातली. आता हरिणी बोल लावील असे तिला वाटले. लावले असते तर बरे झाले असते. हरिणी म्हणाली, "तुझा काय दोष, मावशी? तो आत्ताच आला असेल. तुझा शब्द कधी खोटा पडत नाही. सांग, आता कुठे जाऊ?"

साळुंकीला मेल्याहून मेल्यासारखे झाले. "नाही गं," ती कशीबशी म्हणाली, "मी किती दिवसांत विचारायलाच गेले नाही. शिळं उत्तर तुला ताजं म्हणून दिलं. थांब, आता विचारून येते." हरिणीने पाडसाला जवळ ओढले आणि साळुंकीकडे पाठ केली.

दरीत कासव म्हणाले, "बिबट्या तिथे कधीचा बसलाय. मी रोज तुझी वाट पाहत होतो." साळुंकीला वर बघवेना. पळसाच्या डोहावर जा, अशी ताजी खबर घेऊन ती परतली, आणि त्या संध्याकाळी पाडसाला पाणी मिळाले.

त्यानंतरही साळुंकी उत्तर लक्षात ठेवी. फक्त वडाची सावली खालच्या खडकावरून सरली की ती ते मनातून काढून टाकी आणि पुन्हा दरीत जाई. बाकीचे प्राणी नुसते "कुठे?" विचारत. हरिणी मात्र आधी विचारी, "कधीचं उत्तर आहे?" उत्तर ताजे असे, तरीही दर वेळी साळुंकीची मान खाली जाई.

तात्पर्य : शिळ्या भाकरीने भूक तरी भागते, शिळी खबर मात्र जिवावर बेतते. म्हणून उत्तर जपून ठेवणाऱ्याने ते कधी टाकून द्यायचे, हेही जपून ठेवावे.