'अ‍ॅभॉर'चा वापर

गायसमुद्रे गुरुजींना इंग्रजीसाठी कायम करायचे की घरी पाठवायचे, हे तपासणीस साहेबांच्या सहीवर होते. साहेब आम्हा शिक्षकांदेखत हसत म्हणाले, "गावकुसाबाहेर इंग्रजी कधी पोचलं, मास्तर? 'अ‍ॅभॉर' शब्दाचा अर्थ सांगा. वापरासकट."

"पराकोटीचा तिरस्कार करणे, साहेब. वापर आत्ता दिसेल."

गुरुजींनी शाळेच्या माठातून पेला भरला आणि अदबीने साहेबांपुढे धरला. साहेबांनी अंग चोरून खुर्ची झटकन मागे सरकवली.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "अर्थ मी सांगितला. वापर आपण केलात."

साहेबांनी मान वर न करता कायम करण्याच्या कागदावर सही केली. पेला मात्र गुरुजींच्या हातातच राहिला.