खूण जुळली, तरी ठसका

यंत्रं बोलत असत त्या काळी दौलू मिस्त्रीने पाण्याच्या जुन्या ट्रकचा, इंजिनला ठिणगी पुरवणारा डिस्ट्रिब्युटर काढून पुन्हा बसवला. ठिणगीची वेळ दाखवणारी टायमिंगची खूण जुळली होती, तरी इंजिन नुसतं ठसकत होतं. वर डोंगरवस्ती तहानलेली होती.

“खूण तर बरोबर आहे रे!” दौलू चक्रावला.

“मीही ठिणगी खुणेवरच देतोय,” डिस्ट्रिब्युटर गोंधळून म्हणाला. “मग चुकतंय कोण?”

“त्या खुणेवर मी दोनदा वर येतो,” पहिला पिस्टन म्हणाला. “एकदा पेट्रोलची वाफ दाबत, एकदा धूर बाहेर ढकलत. तू धुराच्या वेळी ठिणगी देतोस.”

“आधी का नाही सांगितलंस?” डिस्ट्रिब्युटरने विचारलं.

“मला विचारलं कुणी?”

दौलूने डिस्ट्रिब्युटर उचलून अर्धा फेरा फिरवून बसवला. इंजिन सुरू झालं, ट्रक घाट चढू लागला. डिस्ट्रिब्युटर मात्र वाटभर पिस्टनला विचारत राहिला, “आता बरोबर ना?”