घुमटाखालची भिंत

“बाई, आलं का ऐकू?”

सज्ज्याच्या पलीकडच्या टोकाला द्वारकाबाईंनी नुसता हात हलवला. नाही.

शाल्मली दचकली. तसं दचकणं तिच्या पाचवीलाच पुजलेलं. पण हे निराळं होतं.

वाचनालयाच्या जुन्या घुमटाखाली हा गोल सज्जा. भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजलं, की शब्द भिंतीच्या कडेकडेनं सरकत समोरच्या माणसाच्या कानात पोचायचा. गावातली कितीतरी लग्नं इथं जुळली, कितीतरी रुसवे इथं निघाले.

आता त्या भिंतीवर, कानाच्या उंचीला, शाल्मलीचं पहिलं मोठं काम बसवलेलं होतं. भाजलेल्या मातीची उठावचित्रं... चेहरे, वेली, पाखरं. उद्या उद्घाटन.

आणि आज भिंत मुकी.

द्वारकाबाई सावकाश चालत तिच्यापाशी आल्या. माती मळण्यापासून सगळं त्यांनीच तिला शिकवलेलं.

“दमट हवेनं झालं असेल का, बाई?”

“असेल.”

“की माझाच आवाज बसलाय?”

“असेल.”

“असेल असेल काय करताय! सांगा ना.”

“काम सुरू करण्याआधी इथं येऊन काय केलंस?”

“मापं घेतली. फोटो काढले. कॉलेजात शिकवतात तसं सगळं केलं.”

“आणि भिंत काय म्हणाली?”

“भिंत...?”

बाईंनी आपल्या इरकली लुगड्याचा पदर उचलला आणि शाल्मलीच्या तोंडावर घट्ट धरला.

“बोल आता.”

ती काहीतरी बोलली.

“काय? कळत नाही गं. पण काठ काय शोभतोय तुला!”

पदर सुटला. शाल्मली भिंतीकडे बघत राहिली...

“लोक उद्या येतील,” ती हलकेच म्हणाली. “कोरी भिंत बघून हसतील मला.”

“हसले तर निदान तुला ऐकू तरी येईल.”

एवढं बोलून बाई पुन्हा पलीकडे निघून गेल्या.

शाल्मलीनं स्क्रू काढायला घेतले. चेहरे उतरले, वेली उतरल्या. जमिनीवर चवड रचली गेली.

एक पाखरू तेवढं उरलं. सगळ्यात आधी तेच घडवलेलं होतं तिनं.

“बाई, हे एवढं राहू दे?”

पलीकडे बाई भिंतीला कान लावून उभ्या होत्या.

तिनं भिंतीला तोंड लावलं. “बाई...?”

बाईंनी पुन्हा नुसता हात हलवला. नाही.

तिनं डोळे पुसले. पाखरू काढलं, ओंजळीत धरलं. गाल गार चुन्याला टेकवून ती अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली,

“आहे का कुणी?”



मग भिंतीतून, अगदी कानाशी, द्वारकाबाईंचा आवाज आला.

“आता आहे.”